एका चौरस मिलिमीटरमध्ये महाराष्ट्र

हॅकसॉचं पातं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून जातं तेव्हा त्याच्या वाटेत आलेला साधारण एक मिलिमीटर रुंदीचा पत्रा भुसा होऊन खाली पडतो. पातं रेघेच्या कोणत्या अंगाला धरलं यावर तुकडा मापात येणार की मिलिमीटरभर आखूड होणार हे ठरतं. म्हणून जाणता फिटर नेहमी रेघ राखून कापतो आणि उरलेलं कानशीने काढतो. कॉम्प्युटरची केस हाताने बनवणाऱ्याचा निम्मा वेळ या एका मिलिमीटरच्या हिशेबात जातो. आता ज्याच्यासाठी हा डबा बनतोय त्या ग्राफिक्स कार्डाची चिप बघा. तिच्यावर एक मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद एवढ्या जागेत साडेबारा कोटी ट्रान्झिस्टर असतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख भरली होती.

हिशेबाला एनव्हिडियाचं २०२२ सालचं आरटीएक्स ४०९० हे कार्ड घेऊ. त्याच्या चिपचं क्षेत्रफळ ६०८ चौरस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अडीच सेंटिमीटर बाजूचा चौकोन. त्यावर ७,६३० कोटी ट्रान्झिस्टर. सेकंदाला एक या वेगाने न झोपता मोजायला बसलं तर २,४०० वर्षं लागतील. चंद्रगुप्त मौर्याच्या जन्माआधी कुणी मोजायला बसला असता, तर त्याचं काम आत्ता कुठे उरकलं असतं. असे आकडे ऐकून माणूस ‘बापरे’ म्हणतो आणि विसरतो. मला त्यांच्यातली वेगळीच गोष्ट भावते. हे सगळे अवाढव्य आणि अतिसूक्ष्म आकडे शेवटी कानस धरलेल्या माणसाच्या दारात येतात आणि त्याच्याकडे त्याच्या मापातलं काहीतरी मागतात: अर्धा मिलिमीटर इथे, दोन बोटं जागा तिथे, एक भोक जरा मोठं.

सामान साधं असतं. दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा, अँगल, पॉप रिव्हेट, स्क्रू. पुण्यात हे बोहरी आळीत मिळतं, पंखे आणि वायर तपकीर गल्लीत. मुंबईकर लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड गाठतात. घरात शेगडा, गुण्या, सेंटर पंच, ड्रिल आणि दोन-तीन कानशी असल्या की दुकान मांडता येतं. माप मात्र आपल्या मर्जीचं नसतं. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचं मानक काढलं, तेव्हापासून मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा आणि त्याची भोकं ठरलेल्या जागी. मागच्या बाजूला जिथे यूएसबी आणि नेटवर्कची तोंडं बाहेर येतात ती खिडकी १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटर, आणि तीत चूक चालणार ती ०.२ मिलिमीटरची. हौसेने पावडर कोटिंग करून घेतलं की तो थर प्रत्येक कडेवर ६० ते १०० मायक्रॉन चढतो. दोन समोरासमोरच्या कडा मिळून ०.१२ ते ०.२ मिलिमीटर. म्हणजे खिडकी अचूक कापून दिली तरी रंगवाल्याकडून येईपर्यंत सगळी सवलत संपलेली असते.

हे पॉइंटातले आकडे इंचांतून आलेले आहेत, आणि तिथेच नवशिका फसतो. ग्राफिक्स कार्डं बसवायच्या सात खाचा असतात, दोन खाचांमधलं अंतर ०.८ इंच, म्हणजे २०.३२ मिलिमीटर. पट्टीवर २० धरून एकापुढे एक आखत गेलं तर पहिल्या दोन खाचांत काही जाणवत नाही. सातव्या खाचेपाशी पोचेपर्यंत चूक १.९२ मिलिमीटर झालेली असते आणि कार्डाचा स्क्रू भोकासमोर येत नाही. म्हणून सगळी मापं एकाच मूळ रेघेपासून घ्यायची, मागच्या खुणेपासून कधीच नाही. आयटीआयमध्ये हे पहिल्याच महिन्यात शिकवतात.

स्क्रूंचीही तीच तऱ्हा. केसमध्ये दोन जातीचे स्क्रू लागतात. एक आपला मेट्रिक एम-३, दोन आट्यांमध्ये अर्धा मिलिमीटर. दुसरा अमेरिकन ६-३२, इंचाला ३२ आटे, म्हणजे दोन आट्यांमध्ये जवळपास ०.८ मिलिमीटर. दीड मिलिमीटरच्या पत्र्यात एम-३ चा टॅप मारला तर तीन आटे पडतात, ६-३२ चा मारला तर दोनसुद्धा धड नाहीत. दोन किलोचं कार्ड दोन आट्यांच्या भरवशावर लटकवणाऱ्याच्या धाडसाला नमस्कार.

खरी परीक्षा जाळीची. समोर तीन पंखे बसवायचे तर ३६० बाय १२० मिलिमीटरची जाळी हवी. ती विकत मिळते, पण ‘हाताने’ या शब्दाला जागणारे लोक ती स्वतः पाडतात. पाच मिलिमीटर अंतरावर तिरक्या ओळींत भोकं पाडायची म्हटलं तर सुमारे २,००० भोकं होतात. प्रत्येक भोकाला आखणी, पंचाचा ठोका, बारीक ड्रिल, मोठं ड्रिल आणि मग दोन्ही अंगांनी बर काढणं, म्हणजे हाताच्या सहा हालचाली. एका जाळीला १२,०००. भोक तीन मिलिमीटरचं ठेवलं तर जाळीचा फक्त एक तृतीयांश भाग उघडा राहतो आणि पंखा गुदमरतो. चार मिलिमीटरचं केलं तर ५८ टक्के भाग उघडतो, पण दोन भोकांमधली भिंत एकच मिलिमीटरची उरते. पंच अर्धा मिलिमीटर सरकला की एका बाजूची भिंत निम्मी. म्हणजे कार्डाला किती हवा मिळणार हे पंच मारणाऱ्याच्या मनगटावर ठरतं.

आणि हवा लागते ती भलतीच. कार्ड ४५० वॅट खातं, प्रोसेसर १५० धरा. कॉम्प्युटरला दिलेल्या विजेची शेवटी सगळी उष्णताच होते. गेम खेळलात काय किंवा अंतराळयानाचा मार्ग काढलात काय, ६०० वॅटची शेगडी ती शेगडीच. बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा दहाच अंश गरम असावी असं म्हटलं तर सेकंदाला ५२ लिटर हवा खेळवावी लागते. हाताने बनवलेला मध्यम डबा ५० लिटरचा असतो. त्यातली सगळी हवा दर सेकंदाला बदलायची. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर श्वास घेतो. त्या हिशेबाने हा डबा चारशेहून जास्त माणसांचा श्वास एकटा घेतो. दिवसाला आठ तास चालला तर त्यातून १,५०० घनमीटर हवा जाते, वजनाने १.७ टन. डबा स्वतः दहा किलोचा!

या हवेबरोबर धूळ येते. बारीक धुळीचं, पीएम-१० चं, आपलं राष्ट्रीय मानक चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. हवा बरोब्बर त्या मर्यादेवर आहे असं धरलं तर वर्षाला ५५ ग्रॅम धूळ या डब्याच्या तोंडातून जाईल. सगळी आत राहत नाही हे खरं. पण ज्यांचा रस्ता खणलेला आहे त्यांनी आकडा आपापल्या घरापुरता वाढवून घ्यावा. चुंबकाच्या पट्टीने चिकटणारी फिल्टरची जाळी आधी विचारात घ्यावी, रंगीत दिव्यांचं नंतर बघावं. दिव्यांबद्दल माझं मत तसंही बरं नाही.

पंखे जोरात फिरवून हा प्रश्न सुटत नाही का? सुटतो, पण कान जातात. पंख्याचा वेग दुप्पट केला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो आणि वीज आठपट लागते. त्याऐवजी त्याच जातीचा दुसरा पंखा जोडला तर आवाज वाढतो तीनच डेसिबलने. म्हणून शहाणा मॉडर, म्हणजे हौसेने केस घडवणारा, भोकं वाढवतो, वेग नाही. मुळात या छंदाचा उगमच असा भोकांतून झाला. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आला. तो ३०० मेगाहर्ट्झचा, पण मदरबोर्डाच्या बसचा वेग ६६ वरून १०० केला की मुकाट्याने ४५० वर चालायचा. फुकटात दीडपट वेग, फक्त जास्तीची उष्णता बाहेर काढायची. लोकांनी बदामी रंगाच्या कंपनीच्या डब्यांच्या डोक्यावर गोल भोकं पाडली, वर पंखे बसवले आणि पुढे भोकांच्या खिडक्या झाल्या, खिडक्यांच्या मागे दिवे आले.

अर्थात हाताने बनवलेली केस त्याहून जुनी आहे. १९७६ सालचा अ‍ॅपल-१ हा ६६६.६६ डॉलरना नुसता बोर्ड म्हणून मिळायचा. डबा ज्याचा त्याने करायचा. सुमारे २०० बनले. त्यातल्या काहींना हवाईच्या कोआ लाकडाची पेटी होती. तसा एक २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात निघाला तेव्हा बोली ४ लाख डॉलरवर गेली.

पाण्याने थंड करणाऱ्यांची वेगळी जमात आहे. तेवढ्याच आकारमानात पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. जिथे सेकंदाला ५२ लिटर हवा लागत होती तिथे मिनिटाला एक लिटरही पाणी पुरतं. ऐकायला हे चमत्कारासारखं आहे, पण पाणी इथे नुसतं हमाल आहे. ओझं उचलून रेडिएटरपाशी आणून टाकतं, पुढे ते हवेनेच न्यायचं. ५२ लिटरचा हिशेब कुणालाच चुकत नाही.

विजेचा आकडा मला सगळ्यांत भीतिदायक वाटतो, कारण तो दिसत नाही. कार्डाला वीज १२ व्होल्टने येते, म्हणजे ४५० वॅटना ३७.५ अँपिअर. चिपच्या आत व्होल्टेज एकाच्या आसपास उतरतं, त्यामुळे प्रवाह साडेतीनशे अँपिअरच्या घरात जातो. घराच्या मेन स्विचला ३२ किंवा ४० अँपिअरचा एमसीबी असतो. अडीच सेंटिमीटरच्या चौकोनात घराच्या आठ-दहा पट प्रवाह. तो पुरवणारं कार्डाचं तोंड बोटाच्या पेराएवढं, त्यात १२ व्होल्टच्या सहा पिना. २०२२ च्या शेवटी अशी काही तोंडं वितळल्याची प्रकरणं बाहेर आली, आणि प्लग पूर्ण आत ढकला, तोंडापासून ३५ मिलिमीटरपर्यंत वायरला वाक देऊ नका असे सल्ले निघाले. आता हा आकडा पत्रा कापणाऱ्याच्या हिशेबात कसा येतो पाहा. एनव्हिडियाचं स्वतःचं कार्ड १३७ मिलिमीटर उंच. मदरबोर्डापासून पुढे येणारं हे माप, त्यावर प्लग, त्यावर सरळ वायरचे ३५, मग वायरचा वाक. डब्याची रुंदी वीस सेंटिमीटर ठेवून पाहिली तर बाजूची काच वायर दाबते. ती बावीस-तेवीस करायची. बाजारातले कितीतरी जुने सुबक डबे याच दोन बोटांनी बाद झाले.

हे टाळायला लोक कार्ड उभं करतात आणि मदरबोर्डाशी लवचिक पट्टीच्या केबलने जोडतात. तिला रायझर म्हणतात. ती वीस सेंटिमीटरची असते आणि हाताने वळवून बसवावी लागते. त्या पट्टीत काय चाललेलं असतं? चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसमध्ये एका तारजोडीवरून सेकंदाला १,६०० कोटी बिट जातात. एक बिट ६२.५ पिकोसेकंद टिकतो. तेवढ्या वेळात तारेतला संकेत साधारण एक सेंटिमीटर सरकतो. म्हणजे बिटाला चक्क लांबी आहे, आणि ती नखाएवढी आहे. वीस सेंटिमीटरच्या पट्टीत प्रत्येक जोडीवर पंधरा-वीस बिट एकामागून एक प्रवासात असतात. सोळा जोड्या जायला, सोळा यायला. कुठल्याही क्षणी पाचशेच्या वर बिट वाटेत आहेत, पाठवणाऱ्याने सोडलेत आणि घेणाऱ्याला अजून मिळालेले नाहीत. बिट एवढा आखूड झाला की पट्टीची एक चुरगळलेली घडी किंवा जरा ढिलं बसलेलं टोक त्याला विस्कटायला पुरतं. तिसऱ्या पिढीसाठी बनलेली रायझर चौथ्या पिढीच्या कार्डाला लावून ‘स्क्रीन काळी होते’ म्हणून डोकं धरून बसलेले कितीतरी जण भेटतात. पाचव्या पिढीत बिट अर्ध्या सेंटिमीटरचा झालाय.

ट्रान्झिस्टरला हाताच्या मापात आणायचं झालं तर काय होईल, हे एका माणसाने करून दाखवलंय. केंब्रिजच्या जेम्स न्यूमन यांनी घरातल्या घरात सुट्या ट्रान्झिस्टरांचा एक चालता प्रोसेसर उभा केला. २०१६ मध्ये तो पुरा झाला. नाव मेगाप्रोसेसर. ४२,३०० ट्रान्झिस्टर, दहा हजारांवर छोटे दिवे, लांबी १० मीटर, उंची २ मीटर, वजन अर्धा टन, वीज ५०० वॅटच्या आसपास. त्यावर टेट्रिस खेळता येतं. तो आता केंब्रिजच्याच संगणक-इतिहास संग्रहालयात आहे. याच पद्धतीने आपलं कार्ड बांधायचं ठरवलं तर असे १८ लाख मेगाप्रोसेसर लागतील. एकाशेजारी एक लावले तर भिंत १८,००० किलोमीटरची होईल. मुंबईहून लंडनला जाऊन परत यायचं आणि पुन्हा लंडनच्या निम्म्या वाटेवर थांबायचं, एवढी. वजन नऊ लाख टन. वीज ९०० मेगावॅट, म्हणजे कोयना प्रकल्पाची एकूण जी १,९६० मेगावॅट क्षमता आहे तिच्यातली जवळपास निम्मी याच कामाला जुंपावी लागेल. इतकं करून त्याचा वेग खऱ्या कार्डाच्या लाखाव्या हिश्शाएवढासुद्धा नाही भरायचा.

नागपूरकरांसाठी एक सूचना इथेच देऊन टाकतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत अर्ध्या मीटरची अ‍ॅक्रिलिकची खिडकी बसवली, तर डिसेंबरच्या १० अंशांपासून मेच्या ४५ अंशांपर्यंत अ‍ॅक्रिलिक १.२ मिलिमीटर वाढतं आणि चौकट ०.४. उरलेल्या ०.८ ला जागा ठेवली नाही तर स्क्रूपाशी तडा जातो. भोक स्क्रूपेक्षा मिलिमीटरभर मोठं पाडावं, खाली रबरी वॉशर घालावा.

राहता राहिली ती जागा जिथे हाताचं काम आणि चिप एकमेकांना जवळजवळ भिडतात. चिपच्या पाठीवरून निघणारी उष्णता चौरस सेंटिमीटरला साठेक वॅट असते, भर दुपारच्या उन्हाच्या सहाशेपट. ती वरच्या तांब्याच्या ठोकळ्यात जायची, आणि मध्ये थर्मल पेस्ट असते. चांगली पेस्टसुद्धा तांब्याच्या पन्नासाव्या हिश्शाने उष्णता वाहते. तिचा थर झेरॉक्सच्या कागदाएवढा, म्हणजे १०० मायक्रॉन राहिला, तर तेवढ्यातच सात-आठ अंश खर्च होतात. थर पातळ करायचा तर दोन्ही पृष्ठभाग सपाट हवेत. म्हणून अट्टल लोक प्रोसेसरचं धातूचं झाकण काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासतात. आधी ४०० नंबर, मग १०००, मग २०००. झाकण तांब्याचं, वर निकेलचा मुलामा. घासताना तांबूस रंग आधी कडांवर दिसायला लागतो आणि मध्ये रुपेरी डाग टिकून राहतो, म्हणजे झाकण मधोमध खोलगट होतं. तो डाग नाहीसा होईपर्यंत घासायचं.

पॉलिश पेपरचे नंबर बारकाईने पाहण्यासारखे आहेत. ४०० नंबरच्या पेपरचा कण ३५ मायक्रॉनचा, १००० चा अठरा, २००० चा दहा. इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर, २,३०० ट्रान्झिस्टरांचा ४००४, १९७१ मध्ये आला तो १० मायक्रॉनच्या तंत्राने. म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला हा बारीक पेपर आपल्याला १९७१ सालापर्यंत आणून सोडतो. त्यापुढे एक मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट मिळते. तिने घासलं की आपण १९८९ मध्ये, इंटेलच्या ४८६ प्रोसेसरच्या काळात पोचतो. कण एवढा बारीक म्हणून हात तेवढा अचूक होत नाही, ते निराळं. आजच्या चिपमध्ये शेजारच्या दोन ट्रान्झिस्टरांमधलं अंतर पन्नास नॅनोमीटरच्या आसपास आहे. २००० नंबरच्या पेपरच्या एका कणाखाली ओळीने दोनशे मावतील.

एवढं घासून मिळतं काय? दोन-तीन अंश, झाकण मुळात सपाट निघालं तर काहीच नाही. आणि घासायला घेतल्यावर सगळ्यांत आधी जातो तो झाकणावर छापलेला मॉडेल नंबर, आणि त्याच्याबरोबर वॉरंटी.